बावन्न रुपये, चार आणे, सहा पै

मुंबईतल्या कामगार कुटुंबाचं महिन्याचं उत्पन्न १९२१-२२ साली किती होतं, याचं उत्तर सरकारी दप्तरात अगदी पैपर्यंत नोंदलेलं आहे: बावन्न रुपये, चार आणे, सहा पै. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै, हा हिशेब आता कुणाच्या तोंडी राहिला नाही. पण त्या वेळी सहा पै म्हणजे अर्धा आणा, आणि अर्ध्या आण्यालाही किंमत होती.

आकडा मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसचा. हे ऑफिस १९२१ साली निघालं आणि फिंडले शिरास नावाचे अर्थशास्त्रज्ञ त्याचे पहिले संचालक झाले. तपासनीस चाळींतून फिरले. त्यांनी २,४७३ कुटुंबांचे आणि ६०३ एकट्या राहणाऱ्या पुरुषांचे जमाखर्च गोळा केले. गोदी, रेल्वे, म्युनिसिपालिटीचे लोकही त्यात होते, गिरणीवाले अर्थातच मोठ्या संख्येनं. अहवाल १९२३ साली छापून आला. हिंदुस्थानात कामगारांच्या घरखर्चाची एवढी मोठी आणि शिस्तशीर मोजणी त्याआधी क्वचितच झाली असेल. औद्योगिकीकरणानं कामगाराचं भलं झालं की वाटोळं, या वादात दोन्ही बाजू गेली शंभर वर्षं हेच आकडे तोंडावर फेकत आल्या आहेत.

म्हणून हा एकच आकडा घेऊन बसायचं ठरवलं. मला तो चुकीचा वाटत नाही. फक्त तो ज्या रूपात छापला आहे, त्या रूपात तो कुठल्याच घरात कधी आला नव्हता.

मोजणी का झाली

सरकारला एकाएकी कामगारांचा कळवळा आला असं समजायचं कारण नाही. पहिल्या महायुद्धात गिरण्यांनी भरपूर कमावलं, कारण मँचेस्टरचं कापड येणं आटलं होतं. त्याच काळात धान्य, रॉकेल, कपडा सगळंच महागलं. जुलै १९१४ ला शंभर धरलं तर मुंबईचा राहणीखर्च १९२० मध्ये सरासरी १८३ वर गेला होता. पगार मागून रखडत येत होते. जानेवारी १९१९ मध्ये लाखाच्या वर गिरणी कामगार बाहेर पडले, १९२० च्या जानेवारीत पुन्हा तेच. या संपांमागे नाव घेण्यासारखी युनियन नव्हती. बोलणी करायला मालकांच्या समोर कोण बसणार हेच कुणाला ठाऊक नव्हतं. तरी पदरात बरंच पडलं: बारा तासांचा दिवस दहावर आला आणि मूळ पगारावर महागाईचा भत्ता चढला. नोव्हेंबर १९२० पासून तो रोजंदारीवाल्यांना सत्तर टक्के आणि जेवढं काम तेवढे पैसे घेणाऱ्यांना ऐंशी टक्के होता.

यातूनच आकड्यांची गरज निर्माण झाली. भत्ता महागाईवर ठरायचा तर महागाई मोजायला हवी, आणि महागाई मोजायची तर कामगार नेमकं खातो काय, भाडं किती देतो, हे माहीत हवं. म्हणजे ही पाहणी संपाच्या पोटातून आली. पुढे ती संपाच्याच कामाला आली, आणि तीही मालकांच्या बाजूनं. पण ते नंतर.

शंभर रुपयांची वाटणी

घरात शंभर रुपये खर्च झाले तर कशावर किती, हे अहवालानं असं मांडलं: खाण्यावर ५६.८, कपड्यांवर ९.६, भाड्यावर ७.७, जळण आणि दिवाबत्तीवर ७.४, आणि उरलेले १८.५ किरकोळ.

अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाचा डोळा पहिल्यांदा ५६.८ वर जातो. एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञानं १८५७ साली मांडलेला नियम असा की कुटुंब जेवढं गरीब, तेवढा खर्चातला खाण्याचा वाटा मोठा. या नियमानं ५६.८ म्हणजे गरिबी खरी, पण उपासमार नव्हे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या कामगार कुटुंबांचा खाण्याचा वाटाही साठीच्या आसपासच होता. मग मुंबईचा साचेवाला, म्हणजे मागावरचा विणकर, लँकेशरच्या विणकराच्या पंक्तीला बसला म्हणायचं का?

शिरासांनी स्वतः असं म्हटलं नाही, हे त्यांच्या पदरात टाकायला हवं. त्यांनी माणशी धान्य किती पोटात जातं ते काढलं आणि सरकारच्याच दोन दस्तऐवजांशी ताडून पाहिलं. पहिला फॅमिन कोड, म्हणजे दुष्काळी कामावरच्या मजुराला किती धान्य द्यायचं याचा नियम. दुसरा मुंबई इलाख्याच्या तुरुंगांचा मॅन्युअल. निष्कर्ष असा निघाला की कामगाराला दुष्काळी कामावरच्या कमाल शिध्याएवढं धान्य मिळतं, पण तुरुंगातल्या कैद्याला ठरवून दिलेल्यापेक्षा कमी.

हे वाक्य एका सरकारी अधिकाऱ्यानं सरकारी छापखान्यात छापून घेतलं, याचं मला अजूनही नवल वाटतं. दुष्काळ नव्हता आणि गुन्हाही नव्हता. दहा तास साच्यापुढे उभं राहून, सूत तुटू नये म्हणून मुद्दाम दमट ठेवलेल्या हवेत काम करणाऱ्या माणसाची ही तुलना होती.

तुलनेत खोट काढता येते, आणि त्या काळी काढलीही गेली. ताडून पाहिलं ते मुख्यतः धान्य. कोकणी माणसाच्या ताटात भाताबरोबर मासळी येते, घाटावरच्याची भाकरी निराळी, कैद्याला तर खडी फोडायला लावतात. हे सगळं खरं. माझी तक्रार वेगळीच आहे. कुटुंबाचं धान्य माणशी वाटताना लस्क नावाच्या शरीरशास्त्रज्ञाची मोजपट्टी वापरली: पुरुष एक, बाई ०.८३, सहा वर्षांच्या आतलं मूल अर्धं. वाइंडिंग खात्यात दिवसभर कांड्या भरून आलेली, पहाटे नळावर नंबर लावून आलेली आणि रात्री सगळ्यांचं झाल्यावर जेवायला बसणारी बाई कागदावर ०.८३ पुरुष झाली. तिच्या ताटात खरोखर किती पडलं, हे या पद्धतीनं कळणारच नव्हतं. तपासनीस डब्यातलं धान्य मोजू शकत होता, ताटातलं नाही.

सरासरीत कोण कोण

बावन्न रुपये हे एका माणसाचे नाहीत. सरासरी कुटुंब चार माणसांहून किंचित मोठं आणि कमावणारे दीडच्या आसपास, म्हणजे एक पुरुष आणि दर दोन घरांत मिळून आणखी एखादं, बहुधा बाई किंवा हाताशी आलेला मुलगा. बाईचा पगार पुरुषाच्या निम्म्याच्या आसपास. वाइंडिंग आणि रीलिंग ही बायकांची खाती, आणि तिथं नायकिणीच्या, म्हणजे बाई मुकादमाच्या, हातात सगळं.

पुरुषांतही एकसारखं काही नव्हतं. साचाखात्यातला विणकर सर्वांत बरा कमवायचा, सूत कातणाऱ्या रिंगवरचा त्याच्या खूप खाली. आणि साचाखात्याचं दार दलितांना बंद होतं. कारण ऐकून आजही अंगावर काटा येतो. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचं सूत धोट्याच्या भोकातून बाहेर काढायला विणकर तोंड लावून ते ओढून घ्यायचा. तोच धोटा पुढे दुसऱ्याच्या तोंडाला लागायचा. उष्टं सूत चालणार नाही, म्हणून सवर्ण विणकरांनी दलितांना त्या खात्यात पाऊल ठेवू दिलं नाही. मालकांनीही ते खपवून घेतलं, कारण त्यांचं काही अडत नव्हतं. डॉ. आंबेडकरांनी १९२८-२९ च्या संपांच्या काळात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे उघड मांडला. सरासरीतल्या बावन्न रुपयांत साठ-सत्तरवाला साचेवाल्याचा संसार आहे आणि त्याच्या निम्म्यावर भागवणारं रिंग खात्यातलं घरही आहे, आणि दोघांमधला फरक निव्वळ कौशल्याचा नव्हता.

त्यातून बदली. पहाटे गिरणीच्या दाराशी उभं राहायचं, कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, ज्याला बोलवेल तो आत. जॉबरच्या मर्जीची किंमत होती. तिला दस्तुरी म्हणत. नोकरी लागताना द्यायची, गावाहून परत आल्यावर जुन्या जागेसाठी पुन्हा द्यायची, कधी रोख, कधी जॉबरच्या ओळखीच्या दुकानातून माल उचलून. घरखर्चाच्या तक्त्यात दस्तुरी नावाचा रकाना असता तर तो काय भरला असता, हे बघायला मला आवडलं असतं. कोणता कामगार तपासनिसाला सांगणार होता की आमचा जॉबर पैसे खातो?

पगार कधी

मला सगळ्यांत जास्त सांगण्यासारखं इथं वाटतं.

गिरणीचा पगार महिन्याचा. महिना संपला की लगेच हातात पडत नसे. हजेरी, काम, दंड, खराब कापडाची वजावट असा सगळा हिशेब होऊन पुढच्या महिन्याच्या मध्याकडे कधीतरी पगार व्हायचा. खराब कापडाची वजावट म्हणजे काय, तर विणताना दोष राहिलेलं कापड विणकराच्याच गळ्यात मारायचं आणि त्याची किंमत पगारातून कापायची. विणकर मग ते मिळेल त्या भावाला विकायचा.

नव्यानं कामाला लागलेल्या माणसाचा विचार करा. पहिल्या तारखेला लागला, तर पहिला पगार हातात यायला सहा आठवडे. तोवर खायचं काय? खाणावळवाली महिनाभर उधार जेवू घालते, वाणी वहीत मांडतो. म्हणजे मुंबईतला पहिला घास कर्जाचा. त्यानंतर माणूस जन्मभर एक महिना मागेच चालतो. मालकाच्या बाजूनं पाहिलं तर हजारो माणसांचं दीड महिन्याचं काम मालकाकडे बिनव्याजी उधार राहतं, आणि कामगार त्याच दीड महिन्यासाठी वाण्याला व्याज भरतो. कायद्यानं या उशिराला वेसण पडली ती थेट १९३६ च्या वेतन अधिनियमानं. हजाराच्या आत कामगार असतील तर पगार सातव्या दिवसाच्या आत, त्याहून मोठ्या कारखान्यात दहाव्या दिवसाच्या आत.

शिरासांच्या पाहणीत सत्तेचाळीस टक्के कुटुंबं कर्जात निघाली, आणि कर्ज सरासरी अडीच महिन्यांच्या कमाईएवढं. व्याजाचा चालू दर रुपयामागे महिना एक आणा. ऐकायला एक आणा म्हणजे काहीच नाही. बारा महिन्यांचे बारा आणे, म्हणजे वर्षाला पंचाहत्तर टक्के.

आता पुढचा हिशेब माझा आहे, अहवालातला नव्हे. अडीच महिन्यांची कमाई म्हणजे साधारण एकशे तीस रुपये. रुपयाला आणा, म्हणून महिन्याचं व्याज एकशे तीस आणे, म्हणजे आठ रुपयांच्या वर. उत्पन्न सगळंच्या सगळं खर्च होतं असं धरलं तरी ७.७ टक्क्यांनी खोलीचं भाडं चार रुपयांच्या फारसं पुढे जात नाही. कर्जातल्या घरासाठी सावकार हा घरमालकाच्या दुप्पट महाग होता, आणि तेही मुद्दल तसूभर न हलता. प्रत्येकानं महिन्याच्या महिन्याला व्याज चुकतं केलं नसणार, पुष्कळांचं तुंबत गेलं असणार. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दाराबाहेर पठाण सावकार काठी टेकून उभा असे, ते या तुंबलेल्या व्याजासाठी.

या आठ रुपयांची जागा तक्त्यात कुठे? किरकोळमध्ये. व्याज, गावी पाठवलेले पैसे, गावी जाण्यायेण्याचं भाडं, विडी, सुपारी, दारू, न्हावी, औषध, सगळं त्या १८.५ टक्क्यांच्या पोत्यात. एंगेलच्या नियमानं खाण्याचा वाटा खाली आला की सुबत्ता वाढली असं म्हणायचं. पण खाण्याचा वाटा व्याजामुळेही खाली येतो. सावकाराचा हप्ता आधी जातो, उरलेल्यात चूल पेटते. कर्जात बुडालेलं घर या नियमाच्या आरशात थोडं अधिक सुखवस्तू दिसतं.

दहा बाय बाराची खोली

सत्त्याण्णव टक्के कामगार कुटुंबं एकाच खोलीत राहत होती. हा आकडा पुढे १९३१ च्या शाही कामगार आयोगानंही उचलला, एकेका खोलीत सहा ते नऊ माणसं असल्याच्या नोंदीसह. मुंबईत वाढलेल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी: एवढ्या दाटीतही भाड्याचा वाटा ७.७ टक्केच होता. म्हणजे लोक भाड्यानं पिळले जात होते असं आकडे सांगत नाहीत. भाड्याला यापेक्षा जास्त द्यायची त्यांची ऐपतच नव्हती, आणि युद्धकाळातल्या १९१८ च्या भाडेनियंत्रणानं भाडी काहीशी धरून ठेवली होती.

याचा प्रत्यय लगेच आला. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी १९२० साली डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढून कामगारांसाठी पन्नास हजार खोल्यांचा बेत आखला. पैसा उभारायला मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवला. नायगाव, वरळी, डिलाईल रोड, शिवडी इथं काँक्रीटच्या २०७ चाळी उभ्या राहिल्या, खोल्या सोळा हजारांच्या वर, आणि काम तिथंच थांबलं. कारण वरळीच्या खोल्या वर्षानुवर्षं रिकाम्या पडून होत्या. शहरात माणसाला पाठ टेकायला जागा नाही आणि सरकारी चाळीला कुलूप. बांधकामाचा खर्च निघेल असं भाडं कामगाराला झेपणारं नव्हतं, म्हणून ते उतरवावं लागलं. तरीही खोल्या भरेनात. वरळी तेव्हा आडबाजूला, गिरणी लांब, बाजार लांब. मला वाटतं आणखी एक अडचण होती, जी कुठल्याच इंजिनिअरच्या नकाशात नसते: तिथं उधारीवर माल देणारा ओळखीचा वाणी नव्हता. पगार दीड महिन्यानं होणाऱ्या माणसाला खोलीपेक्षा वाण्याची वही आधी लागते.

त्याच चाळी आज पाडून टॉवर होत आहेत. असो.

एका खोलीचा संबंध जोडून आणखी एक आकडा नेहमी दिला जातो. १९२१ साली मुंबईत जन्मलेल्या हजार बाळांमागे ६६६ बाळं वर्षाच्या आत गेली अशी नोंद आहे, आणि एका खोलीच्या घरांत तर ८२८. वाचून हात थरथरतात. पण हा आकडा जसाच्या तसा घ्यायचा नाही. कोकणातली बाई बाळंतपणाला माहेरी किंवा सासरी गावी जायची. बाळ गावी जन्मलं, म्हणून जन्माची नोंद तिकडे. चार महिन्यांनी ती मुंबईला परतली, बाळ दगावलं, म्हणून मृत्यूची नोंद इकडे. भाजकात बाळं कमी, भाज्यात जास्त. खरा दर यापेक्षा बराच कमी असणार. कमी असूनही तो भयंकरच होता, एवढं मात्र वादातीत. दुपटं गुंडाळलेलं मूल बाईची गिरणीतली पाळी संपेपर्यंत गप्प राहावं म्हणून त्याला अफूची गोळी चाटवण्याची सर्रास पद्धत होती, आणि सरकारनं नेमलेल्या डॉ. बार्न्स या बाई डॉक्टरांनी याच काळात तिची नोंद केली. बाळंतपणाच्या सुट्टीतल्या भत्त्याचा कायदा मुंबईत आला १९२९ साली, दिवसाला आठ आणे.

उरलेलं घर कुठे होतं

१९२१ च्या शिरगणतीत मुंबईत हजार पुरुषांमागे सव्वापाचशेच्या आसपास बायका होत्या. शहरातले दर सहा माणसांतले पाच बाहेर जन्मलेले, आणि एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातून आलेले सव्वादोन लाखांवर. म्हणजे पाहणीतली २,४७३ कुटुंबं ही मुळात निवडक मंडळी होती, ज्यांना बायकामुलं मुंबईत आणून ठेवणं जमलं ती. कामगारांचा मोठा भाग एकेकटा, गावकऱ्यांच्या खोलीत. एका गावचे वीस-तीस जण मिळून एक गाळा घ्यायचे, दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच वळकटीवर आडवा. ट्रंका भिंतीला, जेवण खाणावळीत, झोप जिन्यात नाहीतर फुटपाथवर. या लोकांसाठी ६०३ वेगळे जमाखर्च घेतले खरे, पण त्यांचं कुटुंब त्या जमाखर्चात नाही. ते दापोली-मालवणकडे आहे.

आणि ते कुटुंब काही नुसतं पोसलं जात नव्हतं. मनीऑर्डर मुंबईहून जायची, खोताचा मक्ता त्यातून भागायचा, घराचं छप्पर शाकारलं जायचं. पण उलट दिशेनंही पुष्कळ काही यायचं. मेच्या सुट्टीहून परतताना बोटीत तांदळाचं गाठोडं, कुळीथ, सुकी मासळी. मूल गावी वाढायचं. ते चौदा-पंधराचं होऊन कामाजोगं झालं की मुंबईला यायचं. तोवर त्याच्या पोटात गेलेला एकही घास बावन्न रुपयांतला नसायचा. क्षय झाला, हात गेला, डोळे गेले, म्हातारपण आलं, की माणूस परत गावी. १९२८ चा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. एवढा काळ दीड लाख माणसं बिनपगारी कशी टिकली याचं अर्ध उत्तर संपाच्या अन्नछत्रात असेल, तर उरलेलं अर्ध कोकणातल्या आणि घाटावरच्या शेतात आहे. पावसाआधी पुष्कळ जण बोट पकडून पेरणीला गेले होते.

गिरणीमालक या गोष्टीकडे नेहमी तक्रारीच्या सुरात पाहत: आमचा कामगार अजून शेतकरीच, त्याला गिरणीत स्थिरपणा नाही, म्हणून उत्पादन कमी. मला हे उफराटं वाटतं. दवाखाना, बाळंतपण, बेकारभत्ता, पेन्शन, मुलांचं संगोपन हा सगळा खर्च रत्नागिरीची वरकस जमीन आणि तिथल्या बायकांची मेहनत उचलत होती, म्हणून तर गिरणीला एवढ्या पगारात माणूस मिळत होता. कामगार पूर्ण मुंबईकर झाला असता तर बावन्न रुपयांत तो जगूच शकला नसता. हे शिरासांना दिसलं नव्हतं असं नाही. गावी राहणारी अवलंबून माणसं त्यांनी मोजली. मोजली ती मात्र खर्चाच्या बाजूला.

आकड्यांचं पुढे काय झालं

लेबर ऑफिस दर महिन्याला मुंबईचा राहणीखर्चाचा निर्देशांक काढू लागलं. त्यात खाणं, जळण, कपडा, भाडं होतं. किरकोळचं पोतं बाहेर राहिलं, म्हणजे सावकाराचं व्याज, मनीऑर्डर आणि बोटीचं तिकीट निर्देशांकाच्या लेखी नव्हतंच. धान्य स्वस्त झालं की निर्देशांक उतरायचा. सावकार रुपयाला आणाच घेत राहिला.

१९२० नंतर धान्य उतरू लागलं आणि निर्देशांक १८३ वरून १९२३ मध्ये १५४ पर्यंत आला. जपानी कापडाची स्पर्धा सुरू झाली होती आणि नफा आटला होता. मालकांचं म्हणणं सरळ होतं: महागाईसाठी भत्ता दिला, महागाई उतरली, आता भत्ताही उतरू द्या. आधी १९२३ सालचा बोनस नाकारला. त्यावरून १९२४ च्या जानेवारीपासून दोन महिने संप झाला आणि कामगार हरले. मग सप्टेंबर १९२५ पासून पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर झाली. पुन्हा संप. या वेळी मात्र सरकारनं डिसेंबरात गिरणीच्या कापडावरचा साडेतीन टक्क्यांचा अबकारी कर स्थगित केला आणि मालकांनी कपात मागे घेतली. १८९६ पासून लँकेशरच्या हितासाठी लादलेला हा कर हटवण्यासाठी मालक तीस वर्षं अर्ज करत होते. तो हटला कामगारांच्या उपाशी राहण्यानं.

त्या वादात मालकांनी दाखवलेली आकडेमोड खोटी नव्हती. १९१४ च्या मानानं १९२० च्या दशकाच्या मध्यावर गिरणी कामगाराचा खरा पगार वाढलेलाच होता. ज्याला रोज काम मिळत होतं, ज्याच्या डोक्यावर कर्ज नव्हतं आणि ज्याचा जॉबर समाधानी होता, त्याच्या ताटात १९१४ पेक्षा थोडं जास्त पडत असणार. औद्योगिकीकरणानं राहणीमान घसरलंच असं छातीठोक म्हणणाऱ्यांनी हे मान्य करायला हवं. आणि बावन्न रुपयांवर बोट ठेवून राहणीमान सुधारलं म्हणणाऱ्यांनी वाण्याची वही मागवून बघायला हवी.

लेबर ऑफिसनं दहा वर्षांनी, १९३२-३३ मध्ये, पुन्हा तशीच पाहणी केली. कुटुंबाचं उत्पन्न या वेळी पन्नास रुपयांच्या जवळपास निघालं. जागतिक मंदीनं धान्य मातीमोल झालं होतं, त्यामुळे खाण्याचा वाटा ४६.६ टक्क्यांवर आला. भाडं ७.७ वरून १२.८ वर गेलं. किरकोळ थेट २५.६ टक्के, म्हणजे खर्चाचा चौथा हिस्सा पोत्यात. एंगेलला विचारलं तर तो म्हणेल, दहा वर्षांत घरं चांगलीच सुधारली. त्याच सुमारास गिरण्यांना कुलपं लागत होती, उरलेल्यांत पगारकपात होत होती आणि एकाच माणसाकडे जास्त साचे, जास्त चात्या सोपवल्या जात होत्या. पाहणीत आली ती मुंबईत खोली आणि हातात काम टिकवून असलेली घरं. ज्याची गिरणी बंद पडली तो खोली सोडून बायकामुलांसह बोटीनं गावी गेला होता, आणि तपासनीस चाळीत आला तेव्हा त्या दारावर दुसऱ्याच कुणाचं नाव होतं.